मेंदी लावू नकोस

हॅलो?

हॅलो… कोण? अगं ऋता! बोल, बोल. थांब हां, गॅस बारीक करते… हां. एका हातात फोन आणि एका हातात उलथनं. सारण आटत आलंय.

तुझ्याच वड्या गं. उद्या तुझं डोहाळजेवण आणि आजी रिकाम्या हातानं तुझ्या सासरी खरवईला येईल होय? नारळ कालच खवून ठेवले.

नाही, घरात मी एकटीच. तुझे आईबाबा कल्याणला गेलेत, फुलांचे दागिने आणायला. तुझ्या आईला अंबरनाथची वेणी पसंत पडत नाही. येतील एक-दीडपर्यंत.

हो, हो… हिरवी साडी आली. उल्हासनगरच्या त्या सिंध्यानं फॉल-पिको करून घरपोच दिली बघ. म्हणाला, ‘अम्मा, बच्चा होगा तो मिठाई इधरसे।’ मी म्हटलं, साईं, आधी साडीचा रंग टिकू दे.

हसतेस काय? खरंच म्हटलं.

काय लावू म्हणजे? कशाला?

हाताला? उष्णतेचं होय… सातवा महिना म्हणजे व्हायचंच थोडं. धण्याजिऱ्याचं पाणी घेतेस ना? सब्जा भिजवून…

थांब. तळहाताला? काय आलंय तळहाताला?

ठिपके. कसले ठिपके? पुरळ की फोड? पाणी आहे त्यात?

तांबूस… चपटे. आणि खाज?

नीट आठवून सांग ऋता. खाज येते की नाही?

अजिबात नाही.

…

नाही गं, आहे मी. फोन चालू आहे. उलथनं खाली ठेवलं. बसते जरा.

पायाचे तळवे बघ बरं. हो, आत्ता. पोट आडवं येतंय ठाऊक आहे, पलंगावर बस आणि पाय वर घे. हळू. घाई नको.

…

आहेत. तिथेही आहेत. किती दिवस झाले?

आठ. आणि तू आज सांगतेस.

नाही, रागवत नाही. अगं ऐक ना, रागवत नाहीये मी, आवाजच तसा लागतोय. ताप? घसा दुखतो? अंग मोडून येतं?

मधे दोन दिवस कणकण होती. बरं. काखेत, जांघेत गाठीसारखं काही लागतं का हाताला?

बरं. आता मी जे विचारीन ना, त्याला लाजायचं नाही. मी आजी आहे हे घटकाभर विसर. खोलीत कोणी आहे? दार लाव. कडी घाल.

घातलीस? ऐक. खाली… लघवीच्या जागी… मधे कधी एखादा फोड, जखम, चिरल्यासारखं असं काही आलं होतं का? न दुखणारं?

…

ऋता?

आलं होतं. कधी?

दोन महिने होतील. एकच. आणि दुखत नव्हतं म्हणून तू खोबरेल लावलंस. आणि आपोआप गेलं.

हो ना. जातं ते आपोआप. तेच तर वाईट.

काही नाही, काही नाही. पुढे सांग. अंगावरून जातं? वास येतो? हिरवट-पिवळं काही? लघवीला जळजळ?

थोडं पांढरं, वास नाही. ते असतं या दिवसांत. तरी डॉक्टरला तेही सांगायचं. सगळं सांगायचं, कमीजास्त आपण नाही ठरवायचं.

तुझा उन्मेष इंदूरच्या साइटवरून परत कधी आला गं?

असंच विचारलं. पाचव्याच्या सुरुवातीला… म्हणजे ती जखम त्यानंतरची.

काही नाही म्हटलं ना. मनाशी मोजत होते.

आज काय, शनिवार. आणि किती वाजले? माझ्या घड्याळात पावणेदहा. बरोबर? ऋता, आता नीट ऐक. तुला आज डॉक्टरकडे जायचंय. आज म्हणजे आत्ता.

उद्याचं राहू दे. उद्या रविवार आहे. सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

केव्हा? अकराला? कोण येणार आहे अकराला?

मेंदीवाली.

…

नाही. मेंदी लावायची नाही. ऋता, ऐकतेस? मेंदी लावू नकोस.

झाकले जातील म्हणूनच सांगतेय! तेच तर नकोय. तू ठिपके झाकायला मेंदी लावणार, उद्या सगळ्या बायका तुझे हात हातात घेऊन म्हणणार, वा, काय रंगलीय, सासूचं प्रेम आहे हो. आणि ती उतरेपर्यंत ठिपकेही जातील. मग तू म्हणशील, बरं झालं, गेली उष्णता.

उष्णता नाही ती. मला वाटत नाही. मी डॉक्टर नाही, ठिपके दहा कारणांनी येतात, देव करो आणि माझं म्हणणं खोटं ठरो. पण न खाजणारे, हातापायाच्या तळव्यांना, आणि आधी ती न दुखणारी जखम… हे एकत्र मी ओळखते गं. कुठेही ओळखीन.

सांगते. सगळं सांगते. आधी मला एक सांग. बाळ हलतंय ना?

वाटतंय काय? सकाळपासून हललं की नाही?

कामात होतीस. लक्ष नव्हतं.

बरं. घाबरायचं नाही. पाण्याचा तांब्या आहे जवळ? पाणी पी. काल लाडू पाठवलेत त्यातला एक खा. आणि डाव्या कुशीवर आडवी हो. पोटावर हात ठेव आणि फोन तसाच कानाला राहू दे. मी इथेच आहे. बोलू नकोस.

…

…

काही?

थांबू. झोपलं असेल. त्यांनाही झोप असतेच की.

…

हललं? नक्की? की लाडू गुडगुडला?

लाथ! बरं, बरं. ही एक. आता मोजत राहा. दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर काहीही असो, डोहाळजेवण असो की आणखी काही, तसंच उठून दवाखान्यात. तशीही तुला न्यायचीच आहे, पण मोज. मी मधेमधे विचारीन, तू नुसता आकडा सांग.

कसला वास येतोय गं? तुला कसा येईल फोनवर? हां, मलाच येतोय. वड्या लागल्या वाटतं. जळू देत. थांब, गॅस तेवढा बंद करते.

…

हां. आता ऐक. तू मला नेहमी चिडवतेस ना, की आजी भेटली रे भेटली की हात बघते, भविष्यवाली झाली म्हणून? कोणी पोटुशी बाई दिसली की मी तिचा हात हातात घेते. तुझ्या सासूबाईंना लग्नात वाटलं, मला ज्योतिष येतं. त्यांनी हातसुद्धा पुढे केला होता.

मला कसलं ज्योतिष येतंय. मी हे ठिपके बघत असते. त्र्याहत्तर सालापासून.

आणि तुझेच तेवढे बघायचे राहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिने घराबाहेर पडले नाही. फोनवर नुसतं ‘जेवलीस का, झोपलीस का’.

नाही, रडत नाही. डोळ्यात औषध घातलंय.

त्र्याहत्तर साली मी बावीस वर्षांची होते. तुझे आजोबा कारखान्यात ऑफिसर, आम्हाला कॉलनीत दोन खोल्या. मागे मोरिवलीची भातशेती दिसायची. पावसाळ्यात बेडूक इतके ओरडायचे की रेडिओ ऐकू यायचा नाही. आजोबांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगला चार महिने जमशेदपूरला पाठवलं होतं. तिथून आले. मला दिवस गेलेलेच होते. आले तेव्हा माझ्यासाठी लाल स्वेटर आणला होता. अंबरनाथला स्वेटर. आम्ही किती हसलो होतो.

मग मला तसंच झालं. तुला झालं तसंच. आधी एक जखम, न दुखणारी. कोणाला सांगणार? माझी सासू सोवळ्यातली बाई. मी खोबरेल लावलं. गेली. मग दीड-दोन महिन्यांनी हाताला ठिपके. सासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, उष्णता आहे. कॉलनीला मेंदीचं कुंपण होतं. त्यांनी स्वतः पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला, कात घातला आणि माझ्या दोन्ही तळहातांवर आणि तळपायांवर थापला. म्हणाल्या, थंडावा पडेल.

वाईट नव्हत्या गं. फार मायेनं थापला. मला स्वतःच्या हातानं भरवलं, माझे हात भरलेत म्हणून.

ओटीभरणाला सगळ्या म्हणाल्या, काय लालभडक रंगलीय. मीही हात मिरवले. ठिपके कोणाला दिसणार? डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, त्यांनीही मेंदीचंच कौतुक केलं.

आठव्यात बाळ हलायचं थांबलं.

…

मुलगी होती. डोक्यावर केस होते. मला फार वेळ बघू दिली नाही.

हो. तुझ्या बाबांच्या आधी. नाही, त्याला माहीत नाही. कोणाला माहीत नाही. तुला सांगतेय ती पहिलीच.

किती झाल्या लाथा?

तीन. बरं. मोज.

वेणूबाईंनी ओळखलं. मोरिवलीच्या होत्या, प्रसूतिगृहात आया होत्या. सही करता यायची नाही, अंगठा उठवायच्या. त्यांनी बाळाला न्हाऊ घातलं शेवटचं. संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘बाई, पोटात पोर असताना हाताला काय आलतं का?’ मी माझे हात बघितले. मेंदी अजून पुरती गेली नव्हती. नखांत होती.

त्यांनीच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, हिचं रक्त तपासा. तपासलं. सिफिलिस निघालं, गुप्तरोग. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली मला. पुढे प्रमोद, तुझा बाबा, पोटात होता, तेव्हा पुन्हा तपासलं. साफ होतं. चांगला सव्वासात पौंडांचा झाला. आता कसा जाड्या आहे बघतेसच.

म्हणून मला मेंदीचा वास सोसत नाही. तुझ्या लग्नात मी मेंदीला बसले नाही, तू रुसली होतीस, आठवतं?

…

हो. आजोबांकडूनच.

हो गं. तेच आजोबा. जे तुला खांद्यावर घेऊन महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत न्यायचे. तेच. त्यांनी कल्याणला जाऊन इंजेक्शनं घेतली. घरी येऊन जेवले नाहीत. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं संसार केला. त्यांच्या फोटोखालीच बसलेय आत्ता.

माफ? ते मला नाही सांगता यायचं. तो विषय आजचा नाही. ऋता, ऐक माझं, तो विषय आज नाही काढायचा. कोणी आणलं, कुठून आणलं, का आणलं, त्याला आख्खं आयुष्य पडलंय. त्या पोटातल्याकडे तेवढा वेळ नाही.

मला माहीत आहे तू काही केलं नाहीस. मीही काही केलं नव्हतं.

तो रिपोर्ट तिसऱ्या महिन्यातला. तेव्हा रक्त चांगलं होतं, कबूल. पण जखम त्यानंतरची ना? तिसऱ्या महिन्यातला कागद सातव्या महिन्याचं कसं सांगेल? पुन्हा काढायचं रक्त. आणि बघ, कित्येकींना तर काही दिसतच नाही, ना जखम ना ठिपके, नुसतं रक्तात असतं. तुला दिसलं हे नशीब समज.

औषध आहे! तेच तर सांगतेय. माझ्या वेळेलाही होतं. औषध नव्हतं म्हणून नाही गेली ती, मेंदीमुळे गेली… म्हणजे मेंदीनं नाही, झाकल्यामुळे. वेळेवर इंजेक्शन मिळालं की पोटातल्यालाही ते पोचतं. वेळ आहे अजून. पण आज.

तुझी इथली डॉक्टरीण नको म्हणतेस? का?

हो, तिची आई आमच्या भिशीत आहे, ते खरं. पण ती चांगली आहे, तोंड उघडायची नाही. शिवाय ती… अगबाई, ती तर उद्यापर्यंत नाशिकला गेलीय, तिची आईच सांगत होती. मग उल्हासनगरला जाऊ. मोठं सरकारी हॉस्पिटल. केसपेपर बारापर्यंत काढतात. इंजेक्शनही असतं त्यांच्याकडे. आणि तिथे कोण ओळखतंय आपल्याला? साडीवाला सोडला तर.

हसलीस ना? हं. किती झाल्या?

चार.

कोण आलं? दार वाजलं का?

सासूबाई? बरं, ऐक, घाबरू नकोस. कडी काढ. फोन कानालाच ठेव आणि मी विचारीन त्याला नुसतं हो किंवा नाही म्हण. वड्यांबद्दल बोलतोय आपण.

म्हण, ‘हो आजी, केशर घाल.’

छान. उन्मेष घरी आहे?

आहे. सासूबाईंनी तुझे हात पाहिलेत?

पाहिलेत. आणि त्याच म्हणाल्या ना, मेंदी लावली की थंडावा येईल?

हे रामा. पन्नास वर्षं झाली, वाक्य तेच.

दे त्यांच्याकडे फोन. दे म्हणते ना. मी काही बोलणार नाही तसलं. माझ्यावर भरवसा आहे ना? दे.

…

नमस्कार, नमस्कार विहीणबाई! कशा आहात? हो हो, तयारी चाललीय. वड्या जरा लागल्या एका बाजूनं, पण आमची माणसं खातील त्या, तुमच्यासाठी दुसऱ्या करते.

झोपाळा आणलात? भाड्यानं? वा.

विहीणबाई, एक सांगायचं राहूनच गेलं बघा. वयामुळे विसरायला होतं. ती मेंदीवाली येणार आहे ना? तिला तेवढं नको म्हणून कळवा. आमच्या घराण्यात पहिलटकरणीला मेंदी लावत नाहीत.

लग्नात लावली हो. लग्नात चालते. पोटुशीला नाही. बाळ झाल्यावर, पाचवी झाल्यावर खुशाल कोपरापर्यंत लावा.

मी केव्हापासून पाळतेय म्हणता? त्र्याहत्तर सालापासून.

लिहिलेलं कुठे असतं असलं? आमच्याकडे एकदा लावली होती. नीट नाही झालं. त्यानंतर नाही लावली कोणाला.

हो… हो, तेच. तसंच काहीसं. नको ते शुभ दिवशी तोंडातून काढायला.

तुमचे उपकार होतील. आणि आणखी एक. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी जोडीनं शिवमंदिरात नारळ ठेवायचा असतो आमच्याकडे. बाराच्या आत. तर दोघांना पाठवता का आत्ताच? मीही येतेय इथून.

नाही नाही, तुम्ही कशाला दगदग करता! फक्त नवरा-बायको आणि माहेरची म्हातारी, एवढंच असतं ते. तुम्ही आलात तर… तर उद्याच्या पुरणाचं कोण बघणार?

हो ना. तुमच्या हातच्या पुरणाची सर कोणाला नाही. लग्नानंतर महिनाभर प्रमोद तेच सांगत होता.

येतील दुपारपर्यंत. थोडा उशीर झाला तर काळजी करू नका, मंदिरात गर्दी असते. द्या तिच्याकडे. आणि उन्मेषला जरा आत पाठवा. नारळ कुठला आणायचा ते सांगते.

…

ऋता? गेल्या त्या? ऐकलंस सगळं?

खोटं बोलले तर बोलले. शंकराचं मी बघून घेते. त्याला खरा नारळही फोडू, बाळ झाल्यावर.

थोडं पाणी पी. मीही पिते. 

सासूबाईंना आज नाही, पण सांगावं लागेल कधीतरी. ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. तुझ्यावर बोट आलं तर मी आहे. मी स्वतः येऊन सांगेन, आमच्या घरात कोणी आणलं होतं ते. फोटो घेऊन येईन बरोबर.

तिथे गेल्यावर काय सांगायचं, ऐक. ‘उष्णता’ हा शब्द काढायचा नाही. सातवा महिना आहे, दोन महिन्यांपूर्वी खाली न दुखणारी जखम होऊन आपोआप गेली, आता हातापायांच्या तळव्यांना ठिपके आहेत, तिसऱ्या महिन्यातलं रक्त चांगलं होतं, बाळाची हालचाल आज कमी वाटते. एवढं. या भाषेत. लाज वाटली तर मी सांगेन, मला आता कसली लाज. कधी कुठलं इंजेक्शन किंवा गोळी बाधली असेल तर तेही सांगायचं. फाइल घे. जुना रिपोर्ट घे.

दोघांचं रक्त. हो, त्याचंही. दोघांचं औषध. तुला एकटीला दिलं आणि त्याला नाही, तर पुन्हा होईल. आणि डॉक्टर सांगेपर्यंत जवळ यायचं नाही.

आला का तो? आत आलाय? काय करतोय?

नुसता उभा आहे. तुझे हात बघतोय.

तू त्याला काही म्हणालीस?

नाही. बरं. फोन दे त्याला. दे, ऋता.

…

उन्मेष? आजी बोलतेय. काही बोलू नकोस, नुसतं ऐक. तिच्या हाताला काय आलंय ते तू बघतोयस. मी तुला काहीही विचारत नाहीये. एकही प्रश्न नाही. तुलाही मधे कधी जखम झाली असेल, ठिपके आले असतील, जळजळ झाली असेल, तर ते मला नको, तिथे डॉक्टरला सांगायचं. खरं सांगायचं. तारखेसकट.

हॅलो? आहेस ना?

रडू नकोस. उन्मेष, अरे रडू नकोस, आईला आवाज जाईल. रडायला पुढे खूप वेळ आहे. केसपेपर बारापर्यंत काढतात, आणि आता सव्वादहा झालेत.

मारेन? मी कशाला मारीन तुला. मी एकाला चाळीस वर्षांत एक शब्द नाही बोलले. ती माझी चूक झाली असं आता वाटतं. तुझ्याशी बोलेन. खूप बोलेन. आज नाही.

गाडी काढ. खड्ड्यांतून हळू, पण थांबू नकोस कुठे. कात्रपवरून ये की हायवेनं ये, तुला जे कमी गर्दीचं वाटेल ते. मी स्टेशनच्या या बाजूला, पश्चिमेला, रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर उभी असेन. मला उचला आणि तसंच पुढे उल्हासनगर.

तिला मागे बसव. डाव्या कुशीवर. आणि तिचा हात हातात धरायचा असला तर धर, पण तिनं सोडवला तर सोड.

दे तिला.

…

ऋता? ओढणी घेतलीस? हात ओढणीखाली लपवायचे नाहीत. उघडे. दोन्ही. डॉक्टरसमोर असे टेबलावर ठेवायचे, पालथे नाही, उताणे.

बेल? कसली बेल वाजली तुमच्याकडे?

आलीच का ती, अकराच्या आधी! सासूबाई बोलतायत तिच्याशी? काय म्हणतायत?

‘त्यांच्या घराण्यात लावत नाहीत.’ बघ, ऐकलं त्यांनी. बरी बाई आहे गं. माझी सासूही बरीच होती.

जाताना तिच्या मेंदीच्या कोनांकडे बघू नकोस. सरळ चपला घाल.

नाही, मी नाही घाबरले. कोण म्हणतं? अगं, हे काय, प्रमोदची चप्पल घातलीय मी एका पायात. काढते. किल्ली कुठे ठेवली? हातातच आहे.

किती झाल्या?

सात! सात म्हणालीस?

आठ? आत्ता? मोठी होती?

थांब, फोन ठेवू नकोस, जिना उतरते. कठडा धरलाय, काळजी नको. आजोबांच्या फोटोकडे बघून आले. त्यांना म्हटलं, तुमची वेळ होऊन गेली, ही हिची आहे.

निघालात? गाडीत बसलात? दार लावलंस? बरं. उन्मेष काय करतोय?

गाडी चालवतोय. चालवू दे. बोलू नका.

…

नऊ?

बरं. बरं गं माझे राणी. आता मोजू नकोस, थांब. दहावी माझ्या हाताखाली मारू दे त्याला. मी कोपऱ्यावर आलेय, हात रिकामाच आहे माझा. ठेवते.